अनामिकेवर कुणाची नजर?

तबल्याच्या बहुतेक क्लासांत एक रीत पडून गेली आहे. नवीन मूल आलं की त्याला आठ-दहा जणांच्या घोळक्यात बसवायचं. क्लासातलाच एखादा जुना विद्यार्थी त्या सगळ्यांकडून 'ना', 'तिं', 'गे', 'के' घोटून घेतो. मूल चार-पाच वर्षं टिकलं, मध्यमाची परीक्षा झाली, की मग मोठे सर त्याला एकट्याला समोर बसवतात. पालकांनाही यात काही वावगं वाटत नाही. मुळाक्षरं काय, कुणीही शिकवील! हा हिशेब नेमका उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. एकट्याची शिकवणी सर्वांत जास्त लागते ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला. कायदे-रेल्यांत शिरलेल्याला ती थोडी कमी मिळाली तरी निभावतं, कारण आपलं कुठे बिघडतंय हे तोवर त्याच्याच कानाला कळू लागलेलं असतं.

नुसता 'ना' घ्या. तर्जनी चाटेवर पडते हे खोलीच्या दारातूनही दिसतं. पण त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली असावी लागते आणि मधलं बोट वर सुटं. अनामिका दाबली गेली की बोल गुदमरतो. उचलली गेली की पुडी मोकळी घुमते आणि 'ना'ची धार जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मधल्या टिपणात दाखवलं होतं की आपल्या चर्मवाद्यांतून सुरेल उपस्वर निघतात ते शाईच्या वजनामुळे. साध्या ताणलेल्या कातड्याला ते जमत नाही. त्या उपस्वरांतले कोणते राखायचे आणि कोणते दाबायचे, हे 'ना' वाजवताना अनामिका ठरवते. तिचा भार किती असावा हे वहीत लिहून देता येत नाही. शिकवणाऱ्याला शेजारी बसून, मुलाचं मनगट हलकेच उचलून 'सोड, अजून सोड' म्हणावं लागतं, आणि आवाज उघडला की लगेच 'हां, हा' म्हणून तो क्षण पकडून द्यावा लागतो. दहा तबले एकदम वाजत असताना कुणाचा 'ना' गुदमरलाय हे सरांना ऐकू येत नाही. ज्याचा गुदमरलाय त्याला तर नाहीच.

बरं, चूक लगेच अंगाशी आली असती तर एवढी काळजी नव्हती. तबल्यात ती उधारीवर चालते. 'तिरकिट' चुकीच्या बोटांनी वाजवलं तरी ठाय लयीत बरं वाजतं. पोराचं कौतुकही होतं. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत एका मात्रेत 'तिरकिट' बसवलं तर सेकंदाला चार आघात होतात, दुगुनीत आठ. आठाला मनगट आखडतं, 'ट' गिळला जातो, आणि मग हात बसलेला नाही हे उघड होतं. तोवर तो चुकीचाच बसलेला असतो. पुढचं वर्ष बसलेलं मोडण्यात जातं, आणि पुष्कळ मुलं नेमकी तिथेच क्लास सोडतात. घरचे म्हणतात, रियाज कमी पडला. वास्तविक रियाज झालेला असतो, पण तो त्या चुकीचाच. थोर तबलावादक थिरकवाँसाहेबांच्या रियाजाच्या गोष्टी मुलांना सांगताना, रियाजाआधी हात नीट बसवावा लागतो हे कलम सोयीस्करपणे गाळलं जातं.

यावर कुणी आळंदीचा दाखला देईल. तिथे मुलं घोळक्यानेच मृदंग शिकतात आणि सबंध रात्रभर कीर्तनाला साथ करतील अशी तयार होतात. दाखला खरा आहे, पण तिथलं मूल तिथेच राहतं. भजनात, हरिपाठात, कीर्तनात रोज हात वाजतो, आणि थाप चुकली तर शेजारचा थोरला मुलगा त्याच बैठकीत टोकतो. तिथे गर्दी असते, पण तिच्यात प्रत्येक हातावर कुणाची तरी नजर असते. शहरातल्या आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गाने तिथली गर्दी तेवढी उचलली, नजर तिथेच राहिली. दोन वर्गांच्या मधले सहा दिवस मूल घरी काय गिरवतं, हे कुणीच ऐकत नाही.

व्हिडिओंचंही तेच. कायदा कसा वाजवायचा हे ते उत्तम दाखवतात, पण तुमचा हात त्यांना दिसत नाही. परदेशातली मराठी मुलं व्हिडिओ कॉलवर शिकतात, तिथे सरांना हात दिसतो खरा. पण आवाज थोडा उशिरा पोचत असल्याने दोघांना एका ठेक्यावर एकत्र वाजवता येत नाही, लय सुटते. तरीही त्यांच्यातली काहीजणं रोज मिनिटभराचं रेकॉर्डिंग सरांना पाठवतात, आणि सर दोन वाक्यांत चूक सांगतात. पहिल्या वर्षाला ही सोय साप्ताहिक वर्गापेक्षा उजवी आहे, हे मला मान्य करावं लागतं.

खरा आक्षेप पैशाचा. एकट्याची शिकवणी मध्यमवर्गाला झेपत नाही म्हणतात. पण चार मुलांना एक तास एकत्र बसवलं काय किंवा प्रत्येकाला पंधरा मिनिटं एकट्याला दिली काय, सरांचा तास तेवढाच जातो. उरलेल्या तिघांनी तेव्हा हातावर त्रितालाची टाळी-खाली धरावी, तोंडाने पढंत करावी आणि चौथ्याचा 'ना' ऐकावा. जुन्या तालमीत यात नवल नव्हतं, आजही काही शिक्षक असंच शिकवतात. दुसऱ्याची चूक ऐकता ऐकता आपल्या चुकीला कान येतो, हा वरचा नफा. अडचण आहे ती पालकांची. मूल तासभर 'वाजवत' नसेल तर फी वाया गेली असं त्यांना वाटतं. शिवाय प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा वेळेवर उरकायच्या असतात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून ही घाई आणखी वाढली. परीक्षा मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. ठेके, टाळी-खाली, दुगुन यांची शिस्त तिने घराघरांत नेली. पण परीक्षकाला कायदा आणि चार पलटे ऐकवायचे असतात, आणि ते कच्च्या निकासावरही पाठ करता येतात.

शिक्षकांच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करायला हवी. नवशिक्याचा 'ना' महिनाभर ऐकणं कंटाळवाणं काम आहे. ज्याने उमेदीची वर्षं गत-तुकड्यांत घालवली त्याला त्यात रस वाटेलच असं नाही, आणि फीही नवख्यांचीच सर्वांत कमी असते. म्हणून तर ते काम साहाय्यकाकडे जातं. फीचं कोष्टक उलटं करून पाहायला हरकत नाही: पहिल्या वर्षाची फी जास्त, वेळ छोटा पण आठवड्यातून दोनदा, आणि समोर स्वतः सर. विशारद करणाऱ्या विद्यार्थ्याने पंधरवड्याने एकदा यावं आणि मधल्या काळात साथीला बसावं. क्लास निवडणाऱ्या पालकांनीही किती मुलं पास झाली हे विचारण्याऐवजी नव्या मुलांच्या वर्गात अर्धा तास बसून सरांची नजर कुठे असते तेवढं पाहावं.