लाइट गेली अन् फाइल करप्ट झाली. डिलीट करण्याआधी हे वाचा

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइट जाण्याचे प्रकार वाढतात. लॅपटॉपवाल्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही, बॅटरी असते. खरा फटका बसतो तो डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांना : डीटीपी सेंटर, कर सल्लागारांची कार्यालये, हिशेब संगणकावर ठेवणारी दुकाने. लाइट परत येते, संगणक सुरूही होतो. पण सकाळपासून जिच्यावर काम चालले होते नेमकी तीच फाइल उघडत नाही. मग ती डिलीट करून मोकळे होण्याची घाई होते आणि वाचू शकला असता असा मजकूरही कित्येकदा या घाईतच जातो.

फाइल बिघडते कशी?

‘सेव्ह’ दाबले की मजकूर त्याच क्षणी डिस्कवर उतरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात विंडोज तो थोडा वेळ रॅममध्ये धरून ठेवते आणि सवडीने डिस्कवर लिहिते. तेवढ्यात वीज गेली, तर रॅममधले सगळे पुसले जाते आणि फाइल अर्धवट लिहिलेली राहते.

विंडोजची ‘एनटीएफएस’ ही साठवणुकीची पद्धत १९९३ पासून वापरात आहे. ती आपल्या कामाची एक नोंदवही ठेवते. वीज आल्यावर ही नोंदवही पाहून फाइलींची नावे, फोल्डर आणि जागेचा हिशेब सावरला जातो. पण फाइलच्या आतला मजकूर या वहीत नसतो. त्यामुळे कधी कधी विचित्र प्रकार होतो : फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर दिसतो, आत मात्र नुसती शून्ये भरलेली असतात. अनुक्रमणिका शाबूत, पाने कोरी! पेनड्राइव्हमध्ये बहुधा एफएटी३२ किंवा एक्सएफएटी ही पद्धत असते. तिथे अशी नोंदवहीही नसते. पेनड्राइव्हमधलीच फाइल थेट उघडून तिच्यावर तासन्‌तास काम करणे म्हणूनच धोक्याचे.

आधी कॉपी, मग दुरुस्ती

लाइट आल्याआल्या संगणक सुरू करू नये. ती पुन्हा जाण्याची शक्यता असतेच. पाच-दहा मिनिटे थांबावे. संगणक सुरू झाल्यावर पहिले काम म्हणजे ज्या फाइल उघडत आहेत त्यांची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेणे. न उघडणाऱ्या फाइलचीही एक कॉपी घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या कॉपीवर करावेत.

हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र पुढचे काहीच करू नये. संगणक बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. तपासणीच्या ताणाने अशी डिस्क कायमची बंद पडू शकते.

डिस्क ठीक असेल, तर ‘धिस पीसी’मध्ये जाऊन ड्राइव्हवर राइट क्लिक करा. ‘प्रॉपर्टीज’, मग ‘टूल्स’ आणि तिथे ‘चेक’. सी ड्राइव्हसाठी संगणक रीस्टार्ट करायला सांगितले जाऊ शकते. डिस्क मोठी असेल तर खोलवरच्या तपासणीला काही तास लागतात आणि ती मध्येच तोडायची नसते. लाइटचा भरवसा नसलेल्या दुपारी ती सुरू करू नये, हे वेगळे सांगायला नको.

या तपासणीत बेवारस तुकडे सापडले, तर विंडोज ते ‘फाउंड’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकते. पाहिजे ती फाइल हाती लागली असेल, तर हा फोल्डर बिनधास्त काढून टाकावा.

जुनी प्रत कुठे मिळेल?

वर्डमध्ये ‘ओपन’च्या खिडकीत फाइल निवडून बटणाशेजारच्या बाणावर क्लिक केले, की ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय दिसतो. वर्डची ऑटोरिकव्हरी मुळात दर १० मिनिटांनी प्रत ठेवते. हा आकडा ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन २ किंवा ३ करता येतो आणि तो करावाच. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवणाऱ्यांच्या कोरलड्रॉमध्ये ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाने सुरू होणारी फाइल मूळ फाइलशेजारीच तयार होते. कचरा समजून अनेक जण ती रोज साफ करतात, आणि नेमकी गरज पडते त्या दिवशी ती नसते.

टॅलीचा डेटा बिघडला, तर आधी डेटाच्या संपूर्ण फोल्डरची कॉपी घ्यावी. नंतर टॅलीप्राइममधील ‘रिपेअर’ वापरावे. जुन्या आवृत्तीत त्याला ‘रीराइट’ म्हणत. डेटाच्या फोल्डरचे नाव ‘१००००’ असे नुसते आकड्यांचे असते. ते पाहून हा फालतू फोल्डर दिसतो म्हणून उडवू नये. वर्षभराचा हिशेब त्यातच असतो.

डिलीट काय करायचे?

उघडत नाही आणि दुरुस्तही होत नाही ती फाइल, तिची चांगली प्रत हाती आल्यावर. शून्य केबी आकाराच्या स्वतःच्या फाइलही काढायला हरकत नाही. तात्पुरत्या फाइलींसाठी ‘डिस्क क्लीनअप’ पुरेसे आहे. सफाईचे दुसरे ॲप विकत घेण्याची गरज नाही. ‘फाइल वापरात आहे’ असे सांगून ती निघत नसेल, तर संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून काढावी.

विंडोज फोल्डरमधल्या फाइलींना मात्र हात लावू नये. त्या बिघडल्याची शंका असेल, तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून इंग्रजी अक्षरांत ‘एसएफसी’, एक स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच ‘स्कॅननाउ’ असे टाइप करावे. विंडोज स्वतःच त्या फाइल बदलून घेते.

चुकून चांगलीच फाइल उडाली आणि ती रिसायकल बिनमध्येही नसेल, तर त्या ड्राइव्हवर काहीही नवे सेव्ह करणे ताबडतोब थांबवावे. जुन्या हार्ड डिस्कवर ती परत मिळू शकते, कारण तिथे डिलीट म्हणजे फक्त जागा मोकळी झाल्याची नोंद. एसएसडी मात्र रिकामी झालेली जागा आतल्या आत पुसून टाकते. तिथे आशा फार कमी असते.