अकलूजची वाइन आणि आमचे द्राक्षबागाईतदार

औंध संस्थानाचा मुलूख एकसंध कधींच नव्हता. खटावाकडील औंध, कृष्णेच्या खोऱ्यांतील कुंडल आणि माणदेशांतील आटपाडी असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. 1948 सालीं संस्थान विलीन झालें. हल्लीं औंध सातारा जिल्ह्यांत, तर कुंडल व आटपाडी सांगली जिल्ह्यांत मोडतात. या बाजूच्या बागाईतदारांस द्राक्षाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कुंडलाशेजारीं पलूस व तासगांव येथें द्राक्ष हेंच मुख्य नगदी पीक झालें आहे, आणि इकडील बेदाणा देशभर जातो. परंतु पुष्कळांच्या मनांत एक समज घर करून असतो, तो असा कीं, बाजारांत भाव पडला तर उरलेला माल वाइनच्या कारखान्यास घालतां येईल. हा समज चुकीचा असून नुकसानकारकही आहे. वाइनचें द्राक्ष हें स्वतंत्र पीक आहे. तें कसें, हें जवळच्याच एका कारखान्याच्या उदाहरणानें सांगण्याचा आमचा विचार आहे. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनींही केवळ एक पीक म्हणून हा विषय समजून घेण्यास हरकत नसावी.

आटपाडीच्या उत्तरेस, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत नीरेकांठीं अकलूज आहे. या भागांत मोटेवाडी येथें या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘फ्रातेल्ली’ नांवाचा वाइनचा कारखाना उभा राहिला. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा आहे. अकलूजचे मोहिते-पाटील बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु व इटलींतील सेक्की बंधु अशा तीन भावांच्या जोड्यांनीं हा उद्योग मिळून सुरू केला, म्हणून हें नांव. वाइन करण्याचें काम इटलींतील तोस्काना प्रांताचे अनुभवी जाणकार पिएरो मासी यांजकडे सोंपविलें गेलें. या मंडळींनीं आरंभ यंत्रांपासून केला नाहीं, बागेपासून केला. कलमें परदेशांतून आणवून स्वतःच्या बागा लावल्या, आणि मग त्या मालावर कारखाना चालविला. वाइनचा गुण बागेंत ठरतो, कारखान्यांत तो फक्त राखला जातो, हें तत्त्व त्यांनीं प्रथमपासून ओळखलें होतें.

आतां हा गुण कशांत असतो तें पाहूं. आपण खाण्यासाठीं थॉमसन किंवा तिच्यापासून निवडलेली तास-ए-गणेश ही जात लावतों. मणी लांब, बिनबियांचा व टपोरा व्हावा म्हणून विरळणी करतों आणि जिबरेलिक आम्लांत घड बुडवितों. वाइनच्या जातीचा मणी याच्या अगदीं उलट असतो. तो लहान, जाड सालीचा व बियांचा असतो. खाणाऱ्यास जें नकोसें वाटतें तेंच येथें मोलाचें असतें. कारण रंग, वास व तुरटपणा यांचा मोठा भाग सालींत असतो, आणि मणी जितका लहान तितकें रसाच्या मानानें सालीचें प्रमाण अधिक. कोणी म्हणेल, बेदाण्यासाठीं आम्हीही 22 ब्रिक्सपर्यंत साखर येऊं देतों, मग अडचण कोठें आहे? अडचण अशी कीं, साखरेनें फक्त मद्यार्क येतो. 22 ब्रिक्सच्या रसापासून सुमारें 12 ते 13 टक्के मद्यार्काची वाइन होते, मग तो रस कोणत्याही जातीचा असो. परंतु थॉमसनच्या रसाला स्वतःचा असा वास फारच थोडा असतो. त्याची वाइन होते. पण ती लक्षांत राहत नाहीं.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. युरोपांत हिंवाळ्यांत वेल झोंपते व वर्षांतून एकदांच छाटली जाते. आपल्याकडे तिला तशी झोंप नाहीं. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरतां सरतां फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. माल जानेवारी ते मार्चमध्यें तयार होतो. त्या वेळीं दिवस तापलेले व रात्री थंड असतात. थंड रात्रीं मण्यांतील आम्ल टिकतें. फेब्रुवारीच्या अखेरीस उष्मा वाढला, कीं साखर झपाट्यानें चढते व आम्ल तितक्याच झपाट्यानें उतरतें. आम्ल गेलें, कीं वाइन बेचव लागते. याकरितां तोडणीचा दिवस साखर व आम्ल दोन्ही मोजून ठरवितात, आणि माल उन्हापूर्वीं पहाटेस तोडतात. जमीन हलकी, मुरमाड व निचऱ्याची असली म्हणजे वेलीचा माज आटोक्यांत राहतो. पाणी व खत देऊन एकरीं टनांची चढाओढ केली, तर घड भरतात, पण रस पातळ होतो. एका बाटलीस सव्वा किलोच्या आंतबाहेर द्राक्षें लागतात. तीं कशीं पिकलीं यावर त्या बाटलीची किंमत ठरते.

पांढऱ्या वाइनसाठीं मणी दाबून रस सालीपासून लगेच निराळा करतात व तो थंड टाक्यांत सावकाश आंबवितात. तांबड्या वाइनसाठीं रस सालींसह आंबवितात. तेव्हां रंग व तुरटपणा त्यांत उतरतो. अकलूजच्या वाइनींत ‘शेनिन ब्लांक’ व ‘सोविन्यों ब्लांक’ या पांढऱ्या जातींची वाइन फळाच्या वासाची, हलकी व चुरचुरीत असते. या कारखान्याची खरी ओळख मात्र ‘सांजोवेसे’ ही तांबडी जात होय. ती मूळची इटलीची. तिच्या वाइनींत चेरीच्या फळासारखा वास, ठळक आम्ल व तुरटपणा असतो. उन्हाच्या प्रदेशांतही आम्ल बरेंच राखणें हा तिचा गुण आपल्या हवेस उपयोगी पडला. तिच्यांत ‘कॅबर्ने सोविन्यों’ ही गडद रंगाची जात मिसळून व ओकच्या पिंपांत मुरवून ‘सेत्ते’ नांवाची वाइन करतात. सेत्ते म्हणजे सात. सहा भाऊ व सातवे मासी.

हें वाचून कोणी लगेच वाइनचीं कलमें आणावयास निघेल, तर त्यास थोडें थांबवावेंसें वाटतें. महाराष्ट्र शासनानें 2001 सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व आपल्याकडे पलूस येथें वाइनसाठीं औद्योगिक क्षेत्रें राखलीं. उमेद मोठी होती. राज्यांत अनेक शेतकऱ्यांनीं कराराच्या भरंवशावर वाइनच्या जाती लावल्या. पुढें 2008 सालीं जगभर मंदी आली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला व हॉटेलांतील खप घसरला. टाक्या भरलेल्या राहिल्या, नवा माल घेण्यास गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि पुष्कळांना उभ्या बागांवर कुऱ्हाड घालावी लागली. खाण्याच्या द्राक्षास एक व्यापारी नाहीं तर दुसरा मिळतो, आणि शेवटीं बेदाण्याचें शेड आहेच. वाइनच्या बारीक, बियांच्या द्राक्षास मंडईंत कोणी विचारीत नाहीं, व त्याचा बेदाणाही होत नाहीं. कारखान्याची बाग स्वतःची असली म्हणजे नुकसान कारखान्याचें. बाग आपली व माल त्यांच्या मर्जीचा असला म्हणजे नुकसान आपलें.

म्हणून ज्यास या पिकांत पडावयाचें असेल त्यानें कलम लावण्याआधीं करार लेखी करून घ्यावा. त्यांत जात, साखर व आम्ल यांची मर्यादा, एकरीं माल किती धरावा, तोडणीचा दिवस कोणीं ठरवावा, वजन कोठें करावें, भाव काय, पैसे किती दिवसांत मिळावेत, आणि कारखान्यानें माल न उचलल्यास भरपाई काय, इतक्या बाबी स्पष्ट असाव्यात. सारी जमीन गुंतवूं नये. प्रथम थोड्या क्षेत्रावर अनुभव घ्यावा. जातीविषयीं पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. माणदेशांतील मुरमाड माळ व थंड रात्री या पिकास प्रतिकूल नाहींत. परंतु जमीन व हवा मिळून अर्धीच बाग होते. उरलेली अर्धी बाग म्हणजे खात्रीचें गिऱ्हाईक होय. तें आधीं पाहावें, मग खड्डे घ्यावेत.