गोळीनंतरही जंत परत का येतात?

गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो जन्मभर विसरत नाही. जंतांचे तसे नाही. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. गोळीने जंत पडतात. पण नांदेड-लातूरच्या एखाद्या वस्तीवर शौचाची सोय तीच राहिली, तर ते पुन्हा होतात. गोळी खोटी नसते. मुळात आपली प्रतिकारशक्ती या शत्रूला मारायला नव्हे, हुसकायला बसलेली आहे. विषाणू पेशीत शिरतो, जिवाणूला पांढरी पेशी गिळते. पण वीतभर लांबीचा गोलकृमी कोणती पेशी गिळणार?

म्हणून शरीर वेगळा डाव टाकते. आतड्याच्या अस्तरात तुऱ्यासारखे टोक असलेल्या मोजक्या पेशी असतात. त्या जंतांची चाहूल घेतात, हे 2016 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडले. त्या इंटरल्युकिन-25 हे संदेशवाहक प्रथिन सोडतात. त्याने जाग्या झालेल्या पेशी इंटरल्युकिन-13 बनवतात. मग आतडे भरपूर चिकट स्राव सोडते, त्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, आणि जंत बाहेर ढकलला जातो. जोडीला आयजीई प्रतिपिंडे आणि इओसिनोफिल पेशी येतात. जंतही गप्प बसत नाहीत. ते प्रतिकार शमवणाऱ्या नियामक टी-पेशींना बळ देतात. उंदरातला एक कृमी तर यजमानाच्याच शमवणाऱ्या संदेशाची नक्कल करणारे प्रथिन बनवतो. शरीरालाही हा समेट काही अंशी परवडतो, कारण सतत पेटलेली लढाई आपल्याच आतड्याला जाळते. पण किंमत मोठी आहे. अंकुशकृमीच्या एका जातीचा एकेक जंत दिवसाला 0.2 मिलीलिटरपर्यंत रक्त पितो. असे पन्नास-शंभर जंत वर्षानुवर्षे पोसणाऱ्या, आधीच लोह कमी असलेल्या मुलीला हा समेट परवडत नाही.

जंत गेले तर ॲलर्जी वाढेल, असा एक आक्षेप असतो. गॅबॉनमध्ये वारंवार जंतनाशक दिलेल्या मुलांच्या त्वचेची धुळीतल्या किड्यांना संवेदनशीलता वाढली, हे खरे. पण त्वचेवरची गांधी म्हणजे दमा नव्हे. आणि क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांना मुद्दाम कृमीची अंडी पाजून झालेल्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उत्तर प्रदेशात सुमारे 10 लाख मुलांवर झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित गोळीने वजनात किंवा मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. तिथे जंतांचे प्रमाण कमी होते, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही मला हा निष्कर्ष गोळी बंद करण्याचे नव्हे, गोळीवरच थांबू नये याचे कारण वाटतो. गोळी आतडे रिकामे करते, प्रतिकारशक्ती शिकवत नाही. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या भागात, संडास बांधला तरी तांब्याभर पाण्यावाचून तो वापरात राहत नाही आणि हातही धुतले जात नाहीत. तेव्हा गोळ्या किती वाटल्या याच्या रकान्याशेजारी, मार्च ते जून शाळेच्या आणि अंगणवाडीच्या संडासाला पाणी किती दिवस होते, हेही तालुक्याच्या अहवालात आले पाहिजे.