वारंवार उलटणारी जनावरे : गर्भाशयाचा दाह आणि उपाय

गोंदिया हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात धानाचे पैसे हंगामात येतात. दुधाचे पैसे मात्र घरखर्चाला वर्षभर आधार देतात. हा आधार टिकावयाचा तर जनावर वेळेवर गाभण राहिले पाहिजे.

गाईचा गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा असतो. वर्षाला एक वेत हवे असेल तर व्याल्यापासून 85 दिवसांच्या आत ती गाभण राहणे आवश्यक ठरते. माज साधारणतः 21 दिवसांनी येतो. तीन माज वाया गेले की 63 दिवस हातचे जातात आणि भाकड जनावराचा वैरणखर्च मात्र चालूच राहतो. जनावर वारंवार उलटण्याचे एक प्रमुख कारण गर्भाशयाचा दाह हे आहे.

विकार कसा जडतो ?

विताना गर्भाशयाचे मुख उघडते व जंतूंना वाट मिळते. निरोगी जनावर त्यांचा प्रतिकार करते आणि सुमारे सहा आठवड्यांत गर्भाशय पूर्ववत होते. परंतु जनावर अडले, जार अडकला किंवा पावसाळ्यात गोठ्यात चिखल व शेण साचले, तर जंतू बळावतात. केवळ तणसावर पोसलेल्या जनावरास प्रथिने व खनिजे अपुरी पडतात आणि त्याची प्रतिकारशक्ती घटते. अडकलेला जार अकुशल हातांनी ओढणे किंवा त्याला दगड बांधणे हे प्रकार घातक होत. बारा तासांत जार न पडल्यास पशुवैद्यकास बोलवावे.

लक्षणे व उपचार

निरोगी जनावराचा माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ व तारेसारखा लोंबणारा असतो. तो गढूळ, पांढरट, पूमिश्रित किंवा दुर्गंधीयुक्त दिसल्यास दाहाची शंका घ्यावी. कधी सोट स्वच्छ दिसूनही दाह छुपा असतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उकळल्यावर त्याला पिवळा रंग चढतो. गर्भाशयात पू साचल्यास माजच येत नाही आणि जनावर गाभण आहे अशा समजुतीने मालक महिनोन्महिने थांबतो. म्हणून गर्भतपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

जनावर गाभण नाही याची खात्री करूनच पशुवैद्यक प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात. त्याने माज येऊन पू बाहेर पडतो. गाभण जनावरास तेच इंजेक्शन दिल्यास गर्भपात होतो. प्रतिजैविक औषध शक्यतो सोटाच्या तपासणीवरून ठरवावे. अंदाजाने दिलेल्या औषधांना जंतू दाद देईनासे होतात. उपचारकाळात व त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये. सोट स्वच्छ झाल्यावरच पुन्हा रेतन करावे.

प्रतिबंध हाच खरा उपाय

विण्याची जागा कोरडी असावी. कृत्रिम रेतनाची साधने निर्जंतुक असावीत. गर्भपात घडविणाऱ्या ब्रुसेला रोगाविरुद्ध चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना लस टोचून घ्यावी. हा रोग माणसासही होतो; म्हणून पडलेला गर्भ व जार उघड्या हातांनी न हाताळता खोल पुरावा.

व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख लिहून ठेवण्यास खर्च येत नाही. ग्रामपंचायतींनी तपासणी शिबिरांसाठी पुढाकार घेतला आणि शिक्षकांनी अशा नोंदींची सवय घरोघरी रुजविली, तर अनेक जनावरे भाकड म्हणून विकली जाण्यापूर्वीच पुन्हा दुभती होतील.