वणावरील गोंदण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एक पालक आपल्या कन्येस घेऊन आमचे घरीं आले. लहानपणीं उकळत्या दुधाचें पातेलें कलंडून मुलीच्या मनगटावर मोठा वण राहिला आहे; कितीही उकाडा असो, लांब बाह्यांवांचून ती बाहेर पडत नाहीं. या वणावर वेल गोंदवून घ्यावी काय, हा तिचा प्रश्न. हें खूळ तिच्या डोक्यांतून कसें काढावें, हा वडिलांचा. आम्हीं जें सांगितलें तें येथें देत आहों. कारण वण झांकीत फिरणारीं मुलें आपल्या शाळेंत आणखीही आहेत.

त्वचेचा वरचा पापुद्रा सदैव झडत असतो. रंग तेथेंच राहता, तर महिन्या-दोन महिन्यांत नाहींसा झाला असता. म्हणून सुई तो खालच्या थरांत नेते. तेथें शरीराच्या रक्षक पेशी त्यास परका समजून गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. अशी पेशी मेली म्हणजे सुटलेला रंग नवी पेशी गिळते, असें २०१८ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें. आमच्या आजीच्या हनुवटीवरील हिरवे ठिपके म्हातारपणींही कां पुसले नाहींत, त्याचें इंगित हेंच.

वणाची गोष्ट मात्र निराळी. निरोगी त्वचेंतील तंतू टोपलीच्या विणीसारखे आडवेउभे गुंतलेले असतात. वण हें देहानें घाईनें लावलेलें ठिगळ, त्यांतील तंतू बहुधा एकाच दिशेनें धांवतात. त्यामुळें रंग कोठें फांकतो, कोठें धरतच नाहीं. शिवाय नवा वण लाल असतो. तो निवून स्थिर होण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो, तोंवर सुई लावूं नये. गोंदणानें रंग झांकतो, उंचवटा झांकत नाहीं. म्हणून सपाट ठशापेक्षां पानाफुलांची तुटक नक्षी बरी. कित्येकांचा वण मूळ जखमेची सीमा ओलांडून वाढतो. त्यास केलॉइड म्हणतात. सांवळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो. अशांनीं या वाटेस जाऊंच नये, कारण गोंदण ही स्वतःच नवी जखम होय.

मग हें सारें नटवेपण काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. डोळ्यांत फूल पडलेल्या रोग्यांच्या बुबुळावर काळी शाई गोंदण्याची रीत नेत्रवैद्य व्हेकर यांनीं १८६९ सालीं प्रचारांत आणली. दृष्टि परत येत नसे, पण मनुष्य मान वर करून बोलूं लागे. आज स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरही गोंदणाचा असाच उपयोग करतात.

पालकांची भीति अगदींच निराधार नाहीं. एकच सुई अनेकांस टोचल्यास 'ब' व 'क' जातींची कावीळ आणि एच. आय. व्ही. यांचा संसर्ग होऊं शकतो; सुई आपल्यासमोर पाकिटांतून काढलेली हवी, जत्रेंतील नको. लेझरनें गोंदण काढतां येतें, पण पुष्कळ खेपा व पैसा लागून तें पूर्ण जाईलच असें नाहीं. सैन्यांत जाऊं इच्छिणाऱ्यांनीं भरतीचे नियम आधीं पाहावे. गोंदण कोठें चालतें हें तेथें ठरलेलें असतें.

आधीं त्वचारोगतज्ज्ञास वण दाखवावा व मुलीस अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत थांबावें, असें ठरलें. उंबरठ्यावर वडील थांबले. तें पातेलें त्या दिवशीं आपणच काठावर ठेवलें होतें, असें हळूच म्हणाले. मुलीनें तें प्रथमच ऐकलें असावें.

हल्लीं ती वहीच्या मागच्या पानांवर जाईची वेल काढून पाहत असते.