एकच पाऊस, पण राने तीन!

मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात शिरलात, की थोड्याशा चालीत तीन निराळी राने लागतात. वर उघडा माळ. उतारावर उन्हाळ्यात पाने गाळून उभे असलेले ऐन, किंजळ, सावर. आणि खाली घळीत, 'गाण' म्हणतात त्या पाणवठ्याजवळ, मे महिन्यातही हिरवीगार अंजनी, जांभूळ आणि झाडाझाडांवरून लोंबणारी गारंबीची प्रचंड वेल! जंजिऱ्याच्या नबाबाने शिकारीसाठी राखलेले हे रान १९८६ साली अभयारण्य झाले. येथे वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो माळावर व घळीत सारखाच पडतो. मग रान का बदलते?

विद्यार्थी मित्रांनो, पाऊस किती पडला यापेक्षा तो जमिनीत किती दिवस टिकला, हे झाडाला महत्त्वाचे. रायगडचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. उष्ण, दमट हवेत या काळ्या खडकातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात आणि जांभा बनतो. अशा कातळमाथ्यावर माती जेमतेम चार बोटे. श्रावणात तेथे गवत, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात. दिवाळीनंतर सारे वाळते.

धुपलेली बारीक माती घळीत साठते. १ मिलिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर. त्याचे ०.०१ मिलिमीटर बाजूचे दहा लाख घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० होते. पाणी कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, म्हणून बारीक मातीत ओल टिकते.

आता सूर्य. (भौतिकीच्या शिक्षकाला तो सोडवत नाही!) मुरुडला २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. २५ अंशांच्या दक्षिण उतारावर किरण ७३ अंशांनी पडतात, तितक्याच उत्तर उतारावर अवघ्या २३ अंशांनी. दोन्ही कोनांच्या साइनचे गुणोत्तर काढा: त्या वेळी दक्षिण उताराला जवळजवळ अडीचपट ऊन मिळते! मे महिन्यात सूर्य माथ्यावर आल्यावर हा फरक राहत नाही. पण तोवर दक्षिणेकडची ओल उडून गेलेली असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांसह अशाच एका माळावर दीडशे रोपे लावली. जानेवारीत एकही जिवंत नव्हते. खड्डे घेताना पहारी कातळावर खणखणत होत्या, तेव्हाच समजायला हवे होते. शिवाय तो माळ 'ओसाड' नव्हताच. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती. निकस, ओल्या, उघड्या जमिनीतच तिचे निभते. दाट सावलीत ती टिकत नाही, आणि चिऱ्यांसाठी कातळ खणून नेला तर तिला जागाच उरत नाही.

डिसेंबरच्या सहलीत दोन तापमापके बरोबर न्या. एकाच टेकडीच्या उत्तर व दक्षिण उतारांवर, भर दुपारी, ५ सेंटिमीटर खोल मातीचे तापमान घ्या. जवळची झाडेही लिहून ठेवा.