फेरेमापकाची तहकीकात

मोटारीतील फेरेमापकाचा, म्हणजे टॅकोमीटरचा, काटा निश्चल झाला की मापकच सदोष ठरवून बदलण्याची घाई होते. परंतु तहकीकातीचा शिरस्ता असा की, आधी पुरावा तपासावा आणि मगच निकाल द्यावा. जुन्या धाटणीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यास इग्निशन कॉइल दोन ठिणग्या देते, आणि कॉइलच्या ऋण टोकापासून निघालेली एक बारीक वायर तीच स्पंदने मापकापर्यंत पोहोचविते. म्हणून मिनिटास ९०० फेऱ्यांवर सेकंदास ३०, तर ३००० फेऱ्यांवर १०० स्पंदने त्यास मिळावयास हवीत.

चावी फिरवून प्रथम मल्टिमीटरने १२ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग यांची खातरजमा करावी. गंजलेला अर्थिंगचा स्क्रू घासून घट्ट करताच काटा पूर्ववत हलू लागणे मुळीच दुर्मीळ नाही. काटा नेमके निम्मेच फेरे दाखवीत असेल, तर मापक बहुधा आठ सिलिंडरांसाठी लावलेला असतो. स्पंदनाची वायर सोलवटून बॉडीस टेकली असेल, तर कॉइलमधील प्रवाह खंडितच होत नाही, ठिणगी पडत नाही आणि इंजिनच बंद पडते. अशा वेळी ती वायर कॉइलपासून सोडविताच इंजिन सुरू झाले, तर कॉइल निर्दोष असून दोष वायरीत किंवा मापकात आहे, हे निर्विवाद सिद्ध होते.